सेठजींची परल

तुमच्या आईने पाठवलेला फोटो पाहिला. सोफ्यावर बसलेली, नाक चेहऱ्यात दाबून बसवल्यासारखं, आणि नजर अशी की फोटो काढणाऱ्याने आधी परवानगी का घेतली नाही? पेकिनीज जातीची कुत्री. खाली तुम्ही लिहिलं आहे, "आजी, ही हाक मारली तरी येत नाही, बहिरी असेल का?" बहिरी नाही. तिला सगळं ऐकू येतं. यायचं की नाही, हे ती ठरवते. मला कुत्र्यांची आवड कधीच नव्हती, आजही नाही. तरी या जातीबद्दल मला थोडंफार कळतं, ते भंडाऱ्यातल्या आमच्या घरमालकांमुळे. ते सगळं फोनवर सांगायचं तर मी थकून जाईन, म्हणून लिहिते आहे.

तुमच्या आजोबांची भंडाऱ्याला बदली झाली तेव्हा तुमची आई अजून शाळेतही जात नव्हती. आम्ही एका भांड्यांच्या दुकानामागे राहत होतो. पुढे दुकान, मध्ये अंगण, अंगणाच्या एका बाजूला मालक आणि दुसऱ्या बाजूला आमच्या दोन खोल्या. गल्लीत दिवसभर पितळ ठोकायचा आवाज. मी सकाळी मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवून यायची, दुपारी वह्या तपासायची, आणि उन्हाळ्यात त्यात पाणी भरणं वाढायचं. त्या वर्षांतली मी आठवले की मला आधी माझे दुखणारे पायच आठवतात.

मालकांना सगळे सेठजी म्हणत. उंच, सावळे, धोतर आणि बंडी, आणि उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं पेर कायम जाड झालेलं, कारण ते दिसेल ती वस्तू वाजवून पाहत. भांडी तर वाजवतच, पण टरबूज, दारं, खाटेचे पायसुद्धा. आमचं सामान ट्रकमधून उतरत होतं तेव्हा त्यांनी तेही एकेक करून वाजवलं. माझा ॲल्युमिनियमचा कुकर वाजवून त्यांनी तो नुसता खाली ठेवला. स्टीलचा डबा वाजवला आणि म्हणाले, "बाई, हे आत ठेवा. अंगनात नोका आनू. माह्या नजरेले तरास होते."

त्यांचा एकुलता एक मुलगा नागपुरात स्टीलच्या भांड्यांचं दुकान चालवत होता, हे मला पुढे कळलं. तू पत्रा विक, पण माझ्या घरात पत्रा आणू नको, असं बापाने त्याला तोंडावर सांगितलं होतं. तेव्हापासून मुलगा घरी यायचाच थांबला. पत्नी त्याआधीच वारली होती.

गिऱ्हाइकाशी त्यांचं बोलणं म्हणजे एक ठरलेलं प्रवचन असे. "आतून कल्हई करून घ्या. कल्हई उडाली का आंबट ठेवू नोका. ताक नाई, चिंच नाई, काहीच नाई. कळकते. ठेवसान तं मंग मले सांगाले येऊ नोका." पितळेला आतून कथलाचा हात दिलेला नसेल तर आंबट पदार्थ त्यात विषारी होतो, एवढंच त्याचं तात्पर्य. भंडाऱ्यातल्या लहान मुलालाही ते ठाऊक होतं. पण सेठजी प्रत्येकाला ते नव्याने ऐकवत, आणि माणूस भांडं घेऊन पायऱ्या उतरला की मागून हाक मारून पुन्हा ऐकवत.

नाकाडोंगरीकडे मँगनीजच्या खाणी आहेत. तिथल्या एका साहेबांच्या घरी सेठजींची भांडी जात. ते साहेब नोकरी सोडून कलकत्त्याला निघाले तेव्हा त्यांच्या पत्नीने मांडीवरची कुत्री उचलून सेठजींच्या हातात दिली. तिच्या आईवडिलांच्या घरी कुत्रं चालणार नव्हतं. "मी नाईच म्हननार होतो," सेठजी मला सांगत. "पन ते माह्या छातीवर डोकं ठेवून घोराले लागली. झोपल्या जीवाले खाली कसं ठेवावं, सांगा बाई." एसटीत कंडक्टरने विचारलं, हे कोणतं जनावर? सेठजी म्हणाले, "पाहुनी हाय."

गल्ली लोटली बघायला. "माय वो, हे मांजर हाय का माकड?" कुणीतरी म्हणालं. समोरच्या दुकानदारांची जीभ फार तिखट. ते म्हणाले, "सेठजी, हिचं नाक कोनं ठोकलं? काम तुमच्याच दुकानातलं दिसते." सेठजींनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

तिचं नाव पर्ल होतं. पर्ल म्हणजे मोती, असं मी सांगितल्यावर ते दुखावले. "मोती तं गल्लीतल्या कुत्र्याईचं नाव हाय. परलच म्हनू." आणि ती परल झाली.

तिच्याबरोबर एक पातळसं इंग्रजी पुस्तक आलं होतं, या जातीचा स्वभाव आणि निगा यावरचं. सेठजींना इंग्रजी येत नव्हतं. मग रोज दिवेलागणीला ते ओट्यावर बसत, परल मांडीवर, आणि मी एक पान वाचून मराठीत सांगायचं. मला खरोखर कंटाळा यायचा. पण ते हाकही मारत नसत, नुसते वाट पाहत बसत. त्यामुळे सुटका नव्हती.

ही कुत्री चीनच्या राजवाड्यात वाढलेली, म्हणून स्वतःला कुणाची नोकर समजत नाही, असं पुस्तकात होतं. सेठजी मान हलवत, "बराबर हाय." शिकवायला गेलं तर तोंड फिरवते. "फिरवू द्या." एकदा मनात धरलं की सोडत नाही. "म्हंजे माह्यासारखी." साऱ्या घरात तिला एकच माणूस आपला वाटतो. इथे त्यांनी मला थांबवलं. "हे पुन्हा वाचा." मी पुन्हा वाचलं. परल घोरत होती. या कुत्र्या माणसासारख्या घोरतात, तुम्ही आता ऐकलंच असेल. घाबरू नका.

निगा मात्र ते पुस्तकाबरहुकूम ठेवत, आणि तुम्हीही ठेवा. नाकावर कातडीची जी घडी असते ती रोज ओल्या फडक्याने पुसायची आणि लगेच कोरडी करायची, नाहीतर आत ओल राहून जखम होते. डोळे मोठे आणि बाहेर आलेले असतात, जरा काही लागलं की खरचटतात. सेठजींना गल्लीत उडणाऱ्या पितळेच्या किसाची धास्ती होती, म्हणून ठोकाठोकी सुरू झाली की परल आतल्या खोलीत. केस विंचरताना नुसते वरवर नाही, कातडीपासून बाहेर, आणि कानामागचा गुंता बोटांनी सोडवायचा. गळ्यात पट्टा नको, दोरी छातीवरून घ्यावी, कारण या जातीचा श्वास आधीच आखूड. सेठजींनी पवनीच्या एका विणकराकडून लुगड्याचा काठ आणून त्याची दोरी शिवून घेतली होती. आणि उचलताना एक हात छातीखाली, एक मागच्या पायांखाली. काखेत धरून लोंबकळत उचलायचं नाही. पाठ लांब असते, ती दुखावते. हे विशेषतः धाकट्याने ध्यानात ठेवावं.

खरी परीक्षा उन्हाळ्याची. भंडाऱ्याचा मे महिना तुम्ही पाहिलेला नाही. चपट्या नाकाच्या कुत्र्याला धापा टाकूनही अंगातली उष्णता बाहेर टाकता येत नाही. सेठजी खिडकीला वाळ्याची ताटी बांधून तिच्यावर स्वतः पाणी मारत. समोरचे दुकानदार म्हणाले, "काहून तिले कंबलात ठेवता? केसं कापून टाका ना." गल्लीतल्या सगळ्यांचंच तेच मत पडलं. सेठजींनी मला पुस्तक उघडायला लावलं. पुस्तकात होतं की हे केस थंडीसारखे उन्हापासूनही राखतात, भादरू नयेत. "पुस्तक विलायतेचं हाय," ते म्हणाले, "त्याले आपला मे महिना का मालूम?" पण कापले नाहीत. पाण्याने भरलेलं पितळी घंगाळ खोलीत ठेवलं. तिने पाण्यात शिरावं, अशी त्यांची कल्पना होती. ती शिरली नाही. घंगाळाच्या गार अंगाला पाठ लावून झोपली, आणि मग दर उन्हाळ्यात तिथेच.

संध्याकाळी सायकलरिक्षा करून ते तिला पुलापलीकडे कारध्याला वैनगंगेच्या वाऱ्यावर नेत. बाजारातून परत येताना तिला थोडं चालवायचं, असा नियम. परल चार पावलं डुलत चालायची आणि रस्त्याच्या मधोमध बसायची. सेठजी दोरी ओढत नसत. मागे बैलगाडी थांबे, सायकलींच्या घंट्या वाजत. एकदा मी भाजी घ्यायला गेले होते तेव्हा हाच देखावा चालू होता.

"सेठजी, उचलून घ्या ना तिले!" कुणीतरी ओरडलं.

"कायले? तिनं म्हटलं का, उचला म्हनून?"

"अजी, गाडी खोळंबून राहिली!"

"तं खोळंबू द्या. तिचं मन नाई."

ज्यांच्या दुकानात घासाघीस करायला माणसं घाबरत, ते लुगड्याचा काठ हातात धरून बाजाराच्या मध्यावर उभे होते. मी भाजी न घेता घरी आले. मला तेवढा वेळ उभं राहवेना.

पुढे एका उन्हाळ्यात ते झालं. सांगायचा तर कंटाळा येतो, पण त्यावाचून पुढचं समजणार नाही.

परलची वाटी अर्थातच पितळेची. सेठजी ती स्वतः घासत, चिंच आणि राख लावून, बाहेरून तशी आतूनही, कारण तिची वाटी गल्लीत सगळ्यात जास्त चकाकली पाहिजे. त्या वर्षी नेहमीचा कल्हईवाला आजारी होता, आलाच नाही. रोजच्या चिंचेने आतला कथलाचा थर हळूहळू निघून गेला आणि वाटी आतूनही पिवळीधमक दिसू लागली. त्यांना ती तशी आवडली असावी. दुपारी ऊन फार झालं म्हणून त्यांनी तिच्यासाठी वाटीत ताक ओतून ठेवलं आणि दुकानात गेले. ताक तिथे तापत राहिलं. ती उठली तेव्हा तिने ते प्यायलं.

मी वह्या बाजूला सारून बाहेर आले तेव्हा ती अंगणात ओकत होती. मागचे पाय धरत नव्हते, हिरड्या पांढऱ्या पडल्या होत्या. गुरांच्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांचा सगळा अनुभव बैल आणि म्हशींचा. या एवढ्याशा जीवाला औषध किती द्यायचं, यावर तेही घुटमळले. "सेठजी, काय खाल्लं हिनं?"

समोरचे दुकानदार धावत आले होते. ते म्हणाले, "कोनी तं विष टाकलं असन. आजकाल लोकाईचा भरोसा नाई." खरं म्हणजे त्यांनी सेठजींसाठी सुटकेचं एक दार उघडून दिलं होतं.

सेठजी आत गेले, वाटी घेऊन आले आणि उन्हात तिरपी धरली. "कल्हई नाई राह्यली," ते म्हणाले. "ताक कळकलं. मीच देल्लं."

दुकानदारांनी थट्टा केली नाही, तेव्हा मला गोष्टीचं गांभीर्य कळलं.

डॉक्टरांनी सुई टोचली, कडू पूड दिली. सेठजी तिचा जबडा धरून ती गालाच्या बाजूने आत सोडत, कारण अशा कुत्रीच्या घशात सरळ ओतलं तर ठसका लागतो. ती त्यांच्याकडे ते मोठे डोळे लावून बघत राहायची. दुपारी मी चमच्याने साखरमिठाचं पाणी द्यायची. त्या दिवसांत कधीतरी ते आमच्या दाराशी आले. "बाई, एक वाटी द्या. स्टीलची." मी दिली. त्यांनी ती वाजवली नाही.

परल वाचली. पण वाटीला तोंड लावेना, स्टीलच्याही. एके दुपारी मी मऊ भात कालवून तळहातावर धरला, आणि तिने खाल्ला. मी ओरडूनच त्यांना बोलावलं. ते दुकान उघडं टाकून आले, माझ्या शेजारी बसले आणि माझ्याच भांड्यातला भात आपल्या हातावर घेऊन पुढे केला. परलने हुंगलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. मी हात पुढे केला, तिने खाल्लं. त्यांनी केला, पुन्हा भिंत. ते उठून गेले.

ते तसंच राहिलं, वर्षानुवर्षं. एरवी सगळं पहिल्यासारखं होतं. ती त्यांच्याच मांडीवर झोपायची, त्यांच्याकडूनच विंचरून घ्यायची, त्यांच्याच रिक्षात कारध्याला जायची. फक्त त्यांच्या हातावरचा घास नाही. रिक्षावाल्याने एकदा देऊन पाहिलं तर गुरगुरली. त्यामुळे सेठजी स्वतः भात शिजवत, मऊ करत, मला आणून देत आणि दुकानाच्या दारामागे जाऊन उभे राहत. तिचं मचमच खाणं तिथून ऐकू येई. मग विचारत, "किती खाल्लं?"

मी त्यांना समजावलं, औषध कडू होतं, तुम्ही जबडा धरला होता, तिला त्याची आठवण असेल.

"नाई बाई," ते म्हणाले. "तिले मालूम हाय."

प्रवचन बंद झालं. गिऱ्हाइकाने स्वतःहून विचारलं, कल्हई करू का, तर "करा" एवढंच. गिऱ्हाइकंही कमी होत चालली होती. लोक घरातलं पितळ मोडीत काढून स्टील घेत होते. समोरच्या दुकानदारांनी एकदा जुन्या सवयीने टोमणा मारला, "सेठजी, आता नाई सांगत का जी, आंबट ठेवू नोका?" सेठजी म्हणाले, "तुमी सांगा." दुकानदारांनी पुढे स्वतःच अर्धं दुकान स्टीलचं केलं.

मीही थकले होते. रोज दुपारी त्या कुत्रीसाठी घरी असणं भाग होतं. सुट्टीत नागपूरला माहेरी गेले तर दुसऱ्या दिवशी परत. तुमचे आजोबा चिडायचे, "आपण भाडेकरू आहोत की दाई?" मी भात घेऊन अंगणात जायची.

मग बदलीचा हुकूम आला. मी सेठजींना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "काहून?" जणू बदली आम्हीच मागून घेतली होती. नंतर बराच वेळ परलच्या कानामागचा गुंता सोडवत बसले. ती तेव्हा म्हातारी झाली होती, डोळ्यांत पांढरट छाया आली होती.

"मी घेऊन जाऊ का हिला?" मी विचारलं. मला ती नको होती. पण विचारल्याशिवाय राहवलं नाही.

"तुमी नेसान तं जेवन ती," ते म्हणाले. "इथं ठेवली तं उपाशी मरन." पुन्हा गुंता सोडवू लागले. "जान्याच्या दिवसावरी मले पाहू द्या. नाईच जेवली, तं न्या."

त्यांनी सगळं करून पाहिलं. भातात दूध, भातात गूळ, खिमट. भात माझ्या हाताने कालवून मग त्यांच्या हातावर. परल हुंगायची आणि भिंतीकडे बघायची. मी दिलं की खायची.

निघायच्या सकाळी ट्रक गल्लीत उभा होता. सामान चढलं होतं. सेठजींनी एक वेताची टोपली आणून आमच्या दाराशी ठेवली. आत स्वतःची जुनी बंडी अंथरली होती. बाजूला ती लुगड्याच्या काठाची दोरी गुंडाळून ठेवली होती. "आज मी तिले काही विचारनार नाई," ते म्हणाले. मला वाटलं, त्यांनी हार मानली.

ते ओट्याच्या पायरीवर जाऊन बसले, तोंड दुकानाकडे, पाठ अंगणाकडे. आणि मग त्यांनी उजव्या तळहातावर भात घेऊन तो हात पाठीमागे नेला आणि कंबरेपाशी उघडा धरला. वळून पाहिलं नाही. हाक मारली नाही. मी अंगणात उभी होते, परल माझ्या पायाशी. तिने माझ्याकडे पाहिलं. मी माझे हात पदराखाली घेतले.

बाहेर ट्रकवाल्याने भोंगा वाजवला. तुमच्या आजोबांनी हाक मारली. सेठजींच्या तळहातावरून भाताची शितं पायरीवर पडत होती, तरी हात खाली आला नाही. परल उठली, डुलत थोडी चालली आणि मध्येच बसली. भोंगा पुन्हा वाजला. ती पुन्हा उठली, त्यांच्या पाठीशी गेली, बराच वेळ हुंगत राहिली. मग घोरल्यासारखा आवाज करत खाऊ लागली.

सेठजी तसेच दुकानाकडे बघत होते. खांदेही हलवले नाहीत.

"खाऊन राहिली काय, बाई?"

"खातेय," मी म्हटलं.

"हळू बोला," ते म्हणाले. "आन तुमी निंगा आता. तो ट्रकवाला बोंबलून राहिला."